फणसाड अभयारण्य : संस्थानी शिकारक्षेत्र ते पर्यटनस्थळ – एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीलगत, मुरूडच्या उत्तरेकडील डोंगराळ भागात फणसाड अभयारण्य आहे. अभयारण्यांचा इतिहास बहुधा शासकीय घोषणेच्या तारखेपासून सांगितला जातो. फणसाडच्या बाबतीत ही पद्धत अपुरी ठरते. ‘राखीव’ या संकल्पनेचा येथील प्रवास तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
हे जंगल जंजिरा संस्थानच्या सिद्दी नवाबांचे शिकारक्षेत्र होते. राजाच्या शिकारीसाठी राखलेल्या जंगलात इतरांच्या वावराला मर्यादा येत असत. त्यामुळे वृक्षराजी टिकून राहण्यास मदत झाली. परंतु तिचे मूळ प्रयोजन प्राणिरक्षण हे नव्हते. १९४८ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले व त्याचा प्रदेश तत्कालीन कुलाबा जिल्ह्यात आला. पुढे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार १९८६ मध्ये अभयारण्य घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे ७० चौ. कि. मी. आहे. अशा रीतीने शिकारीचा अधिकार संपुष्टात आला. जंगलाचे राखीवपण मात्र नव्या हेतूने कायम राहिले.

पाणवठ्यांची नावे – एक दुर्लक्षित साधन :
आज येणारा पर्यटक शेकरू, सांबर व नशीब असल्यास बिबट्या पाहण्याच्या अपेक्षेने पाणवठ्याजवळ थांबतो. या पाणवठ्यांना स्थानिक बोलीत ‘गाण’ म्हणतात. फणसाडची गाण, चिखलगाण ही त्यांची नावे. ‘फणसाड’ हे अभयारण्याचे नावही अशाच एका गाणीवरून आलेले आहे. ही नावे दरबारी वा कार्यालयीन भाषेतील नाहीत. जनावरे चारणाऱ्या, लाकूडफाटा वेचणाऱ्या व उन्हाळ्यात पाणी शोधणाऱ्या लोकांच्या बोलीतूनच अशी नावे रूढ होतात. म्हणून नवाबांच्या शिकारीइतकाच ग्रामस्थांचा वावर हाही या जंगलाच्या इतिहासाचा भाग ठरतो.

निष्कर्ष :
संस्थानी काळात व नंतरच्या शासनव्यवस्थेत जंगलाच्या वापराचे नियम वरूनच ठरले. २००६ च्या वनहक्क कायद्याने वनवासींवरील ऐतिहासिक अन्यायाची दखल घेतली, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. पर्यटकांना दिल्या जाणाऱ्या माहितीत नवाबांबरोबर गाणींचा व त्यांना नावे देणाऱ्यांचा उल्लेख येणे आवश्यक आहे. अन्यथा ज्या लोकांच्या शब्दाने हे अभयारण्य ओळखले जाते, तेच त्याच्या इतिहासाबाहेर राहतील.