रंध्याची मुदतवाढ

दिल्लीतील आमच्या सरकारी वसाहतीच्या मागील गल्लीत एक वृद्ध मिस्त्री दारे-खिडक्यांची कामे करतात. गेल्या हिवाळ्यात त्यांनी आयुष्याच्या शिलकेतील बराच भाग खर्चून फळ्या रंधण्याचे एक यंत्र जुन्या बाजारातून आणले. मेजावर मावेल एवढेच ते आहे. त्याबरोबरची इंग्रजी पुस्तिका वाचून दाखविण्यास त्यांनी मला बोलाविले. कचेरीतला बाबू इंग्रजी वाचतो एवढी माझी कीर्ती त्या गल्लीत आहे. तक्रार एकच होती : वाकडी फळी यंत्रात घातली की पलीकडून वाकडीच बाहेर येते. पैसे पाण्यात गेले की काय, या चिंतेने त्यांचा चेहरा उतरला होता. उत्तर शोधता शोधता मी जेथे जाऊन पोहोचलो, तो इतिहास कारकुनाच्या मनास विशेष भिडावा असा निघाला. कारण 'मुदतवाढ' या आपल्या परिचयाच्या शब्दाभोवतीच तो फिरत राहतो.

रंधा हे हत्यार आपल्याकडे जुने. शब्द मात्र फारसी 'रंदा'वरून आलेला. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली १८१० साली 'मिंडेन' व १८१७ साली 'त्रिंकोमाली' ही इंग्रजी आरमाराची जहाजे सागवानात बांधली गेली, ती करवत, वाकस आणि रंधा चालविणाऱ्या हातांनीच. 'त्रिंकोमाली' इंग्लंडातील हार्टलपूल येथे आजही जपून ठेवलेले आहे. तिकडे इंग्लंडात मात्र हे हात वाचविण्याची खटपट त्यापूर्वीच सुरू झाली होती. तत्त्वचिंतक जेरेमी बेंथॅम याचा धाकटा भाऊ सॅम्युएल याने १७९१ साली रंधण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले, व १७९३ साली लाकूडकामाच्या अनेक यंत्रांना कवेत घेणारे दुसरे. त्यामागील हेतू मोठा विलक्षण होता. जेरेमीच्या कल्पनेतील आदर्श तुरुंगात, कसब नसलेल्या कैद्यांकडून लाकूडकाम करवून घ्यावयाचे होते! तो तुरुंग उभा राहिला नाही. सॅम्युएल आरमाराच्या बांधकामाचा अधिकारी झाला, आणि त्याच्या आश्रयाने पोर्टस्मथच्या गोदीत ब्रुनेलने योजिलेली व मॉडस्लेने घडविलेली कप्प्या करण्याची यंत्रे बसली. तेथे १० अकुशल माणसे ११० कुशल कारागिरांचे काम करू लागली असे सांगतात. उरलेल्या शंभरांविषयी सहसा कोणी काही सांगत नाही.

परंतु आमच्या मिस्त्रींच्या यंत्राचा खरा पूर्वज अमेरिकेतला. न्यूयॉर्क राज्यातील विल्यम वुडवर्थ याला २७ डिसेंबर १८२८ रोजी पेटंट मिळाले. फिरत्या पात्यांची कल्पना बेंथॅमच्या कागदांतही होती. वुडवर्थची भर ही, की पात्यांजवळ दाब देणारे रूळ बसवून त्याने फळी जागेवर धरून ठेविली. पाती आणि रूळ यांच्या या जोडीतच सारे मर्म होते. ज्या देशात घरे लाकडाची आणि जमिनीही फळ्यांच्या, तेथे असे यंत्र म्हणजे सोन्याची खाणच. मुदत १४ वर्षांची, म्हणजे १८४२ पर्यंत होती. वुडवर्थ १८३९ साली वारला. तथापि त्याच्या मुलाने ७ वर्षांची वाढ मिळविली. पुढे १८४५ साली अमेरिकेच्या विधिमंडळाने खास कायदा करून आणखी ७ वर्षे दिली, आणि मुदत १८५६ पर्यंत लांबली. त्याच साली पेटंटाचा मसुदाही नव्याने लिहून घेण्यात आला व त्याची व्याप्ती रुंदावली. शोधकाच्या कष्टाचे मोल त्याच्या वारसांस मिळावे, असा मुदतवाढीचा न्याय. प्रत्यक्षात ठिकठिकाणचे हक्क केव्हाच खरेदीदारांच्या हाती गेले होते. फायली वाचणाऱ्यास ही तऱ्हा नवीन वाटू नये.

मग खटले. ज्याने पहिल्या मुदतीत पैसे मोजून यंत्र घेतले, त्याने वाढीव मुदतीत पुन्हा पैसे मोजावेत काय? १८४६ च्या 'विल्सन विरुद्ध रूसो' या खटल्यात, आणि पुढे १८५२ च्या सत्रातील 'ब्लूमर विरुद्ध मॅक्क्यूअन' या खटल्यात, तेथील सर्वोच्च न्यायालयाने यंत्र चालविणाऱ्याचा पक्ष उचलून धरला. सरन्यायाधीश टॅनी यांच्या निर्णयाचा आशय असा, की वस्तू एकदा रीतसर विकली गेली म्हणजे ती मक्त्याच्या कक्षेबाहेर पडते. विकलेल्या वस्तूवर पेटंटधारकाचा हक्क किती उरतो, या आजच्या वादातही या निर्णयाचा दाखला निघतो. आणखी एका मुदतवाढीविरुद्ध विधिमंडळाकडे अर्जांचा पाऊस पडला. ती मिळाली नाही. १८६१ च्या कायद्याने पेटंटाची मुदत सरसकट १७ वर्षे करून नव्या पेटंटांना अशी वाढ देणेच बंद केले.

त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे हे यंत्र बिडाच्या अवजड देहानिशी कारखान्यांतच नांदले. १९८० नंतरच्या दशकात जपानच्या रयोबी कंपनीने १० इंची, उचलून नेता येईल असे यंत्र बाजारात आणले, आणि ते एकट्या सुताराच्या मेजावर येऊन बसले. हल्लीची बहुधा १२-१३ इंची असतात. घेताना अश्वशक्तीच्या आकड्यापेक्षा पात्यांची चौकशी अधिक करावी. सागवानात वाळूसारखा सिलिका असतो, त्याने साधी पाती लवकर बोथटतात. कार्बाइडच्या लहान चौकोनी तुकड्यांची पाती महाग पडली तरी टिकतात, आणि एक धार गेली की तुकडा फिरवून बसविता येतो. अमेरिकेतून आलेले यंत्र १२० व्होल्टांचे असते. ते आपल्या २३० व्होल्टांवर थेट जोडले तर मोटार जळालीच म्हणून समजा. रबरी रुळांवर राळ साचली की फळी अडखळते. रूळ फडक्याने पुसावेत, पण त्यापूर्वी वीज तोडावी. खालच्या पत्र्यावर मेणाचा पातळ हात फिरविला की फळी सहज सरकते. एका फेरीत फार जाड थर काढण्याचा लोभ धरू नये, आणि आखूड तुकडे मुळीच घालू नयेत.

मिस्त्रींच्या तक्रारीचे उत्तर वुडवर्थच्या रुळांतच होते. रूळ वाकड्या फळीला दाबून सपाट करतात, पाती त्या दबलेल्या स्थितीत वरचा थर काढतात, आणि दाब सुटताच फळी आपल्या मूळ बाकावर परत येते. हे यंत्र जाडी सारखी करते, वाक काढीत नाही. खालची बाजू आधी सरळ असली पाहिजे. हे समजावून सांगताच मिस्त्री काही न बोलता आत गेले, कोपऱ्यातला जुना लाकडी रंधा काढला आणि फळीची एक बाजू हाताने सरळ करू लागले. अर्ध्या तासाने तीच फळी यंत्रातून आरशासारखी बाहेर आली. केवळ एक बारीक रेघ उठली होती, कारण पात्याला एके ठिकाणी दाता पडला आहे. दोन पात्यांपैकी एक किंचित बाजूस सरकवून ती रेघ घालविली. नवी पाती मात्र हवीतच. यंत्र जुन्या बनावटीचे असल्याने ती कोठे मिळतील हे पुस्तिकेत नाही. येत्या रविवारी आम्ही दोघे कीर्तिनगरच्या लाकूडबाजारात चौकशीस जाणार आहोत.