क्रूसाचा अर्थ

क्रूस ही मुळात रोमन राज्यातली गुलामांची नि बंडखोरांची शिक्षा. इ. स. पूर्व ७१ मध्ये स्पार्टाकसचे बंड मोडल्यावर सुमारे ६,००० गुलाम रोमच्या हमरस्त्यालगत क्रूसांवर चढविले गेले. इ. स. ३० च्या सुमारास सुभेदार पिलाताच्या हुकुमाने येशूलाही जेरुसलेमबाहेर हेच मरण आले. मग ही नामुष्कीची खूण पूज्य कशी बरे ठरली? इ. स. ५५ च्या सुमारास पौलाने करिंथच्या मंडळीला पत्र लिहून त्याचा अर्थ सांगितला. माणसांच्या पापांचा भार येशूने स्वतःवर घेतला आणि देवाने त्याला मरणातून उठविले, ही ती श्रद्धा. म्हणून अपराध्यालाही देवाकडे परतायची वाट मोकळी झाली, असे ख्रिस्ती लोक मानतात. गुरुजी, वर्गात पिलाताचा हुकूम सांगाल, तेव्हा ही श्रद्धाही सांगा. एकीवाचून दुसऱ्याचा उलगडा होत नाही.