हरित कर्जधोरण आणि अडचणीतील उद्योग

हरित कर्जधोरण आणि अडचणीतील उद्योग : स्वच्छ ऊर्जा निर्माण करणाऱ्या किंवा प्रदूषण घटविणाऱ्या प्रकल्पांना सवलतीने कर्ज देणे आणि प्रदूषणकारी उद्योगांचा कर्जपुरवठा आवळणे, अशी या धोरणाची दोन अंगे आहेत. चीनने २००७ पासून व पुढे २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांद्वारे ते बँकांना लागू केले. भारतात रिझर्व्ह बँकेने २०१५ मध्ये अक्षय ऊर्जेचा अग्रक्रम क्षेत्रात समावेश केला. हरित ठेवींविषयीची तिची चौकट १ जून २०२३ पासून अमलात आली. तोट्यातील उद्योगावर होणारा या धोरणाचा परिणाम महाराष्ट्रातील सहकारी साखर कारखानदारीत ठळकपणे दिसतो.

इथेनॉल कर्ज योजना : केंद्र सरकारने २०१८ मध्ये साखर कारखान्यांना इथेनॉल बनविणाऱ्या आसवनीच्या उभारणीसाठी व विस्तारासाठी व्याज सवलत योजना आणली. वार्षिक ६ टक्के किंवा बँकेच्या व्याजदराच्या निम्मे, यांपैकी जे कमी असेल तेवढे व्याज सरकार पाच वर्षे सोसते. त्यात परतफेडीची एक वर्षाची मुभाही धरलेली आहे. कारखान्याला इथेनॉलची गरज रोखतेसाठी असते. उसाचा रास्त व किफायतशीर दर (एफआरपी) १४ दिवसांत देण्याचे कायदेशीर बंधन आहे. साखर मात्र मालतारण कर्जापोटी गोदामात अडकून पडते व महिनोन्‌महिने टप्प्याटप्प्याने विकली जाते. इथेनॉलचे पैसे तेल कंपन्यांकडून साधारण २१ दिवसांत मिळतात.

पात्रतेची अडचण : व्याजाची सवलत बँकेने कर्ज मंजूर केल्यावरच लागू होते. ज्याचे नक्त मूल्य उणे आहे, ज्याचे हप्ते ९० दिवसांहून अधिक थकून खाते अनुत्पादक झाले आहे, त्याला बँक दारात उभे करत नाही. त्यामुळे सवलत प्रथम धडधाकट कारखान्यांच्या पदरात पडते आणि दुबळा कारखाना केवळ साखरेच्या भावावर विसंबून राहतो. ही कोंडी फोडण्यासाठी कारखाना, तेल कंपनी व बँक यांच्यातील त्रिपक्षीय कराराची पद्धत आणली गेली. इथेनॉलची रक्कम राखीव खात्यात जमा होऊन तीतून बँकेचा हप्ता वळता होतो. म्हणजे ताळेबंद कमजोर असला तरी येणी हेच तारण ठरते. सहकारी कारखान्यांना इथेनॉल, सहवीजनिर्मिती व खेळते भांडवल यांसाठी कर्ज देता यावे म्हणून केंद्राने राष्ट्रीय सहकार विकास निगमाला १,००० कोटी रुपयांचे अनुदानही मंजूर केले.

धोरणबदलाचा धोका : ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल बनविण्यास मनाई केली. आठवडाभरात १७ लाख टन साखरेच्या मर्यादेत सूट मिळाली, तर निर्बंध २०२४-२५ च्या हंगामासाठी उठले. मधल्या काळात आसवनी कमी चालली, तरी तिच्या कर्जाचे व्याज थांबले नाही. गंगाजळी असलेला कारखाना असा हंगाम निभावून नेतो. आधीच कर्जात बुडालेल्याची उसाची देणी थकतात आणि त्याची झळ सभासद शेतकऱ्याला बसते. मार्च २०२५ मध्ये सहकारी कारखान्यांच्या आसवन्यांना मका व खराब धान्यही वापरता यावे, यासाठी नवी व्याज सवलत जाहीर झाली. एकाच कच्च्या मालावरील भिस्त कमी करण्याचा तो प्रयत्न आहे.

मूल्यमापन : हरित कर्ज हे आजारी उद्योगावरील स्वतंत्र औषध नव्हे. जुन्या कर्जाची पुनर्रचना, खात्रीची खरेदी आणि किमान कर्जफेडीच्या मुदतीपर्यंत स्थिर धोरण या तिन्हींची जोड मिळाली, तरच ते उद्योगाला सावरते. एरवी थकीत कर्जावर नव्या कर्जाचा बोजा तेवढा चढतो.