जागा आहे, पण सलग नाही

पंगतीत वीस पानं रिकामी आहेत, पण एक इथे, दोन तिथे. आठ जणांच्या कुटुंबाला शेजारी-शेजारी बसायचंय. मग यजमान म्हणतात, 'जरा सरकून घ्या!' तुमच्या अँड्रॉइड फोनच्या तळाशी असलेला लिनक्स कर्नल हेच करतो. त्याला मेमरी कॉम्पॅक्शन म्हणतात. लिनक्स १९९१ चा, ही सोय मात्र २०१० ची.

लिनक्स मेमरी सहसा ४ केबीच्या पेजेसमध्ये मोजतो आणि 'बडी' पद्धतीने वाटतो. मोठा तुकडा अर्धा करायचा, गरज पडली तर पुन्हा अर्धा. दोन्ही जोडीदार मोकळे झाले की परत जोडायचे. डोनाल्ड नूथ या युक्तीचं श्रेय हॅरी मार्कोविट्झ यांना देतात, साल १९६३. (हेच ते, गुंतवणूक एका जागी न ठेवता विखुरण्याच्या सिद्धांतासाठी १९९० मध्ये नोबेल मिळालेले!) गोची अशी की एक जोडीदार अडकला, तर दुसरा मोकळा असूनही दोघांची जोडी जमत नाही. २ एमबीचं एक ह्यूज पेज हवं तर ५१२ पेजेस सलग लागतात.

२००७ मधला उपाय रांगडा होता: लम्पी रिक्लेम. जागा हवी तिथली पेजेस मेमरीतून सरळ बाहेर काढायची, म्हणजे जेवणाऱ्यालाच उठवायचं. आयर्लंडच्या मेल गॉर्मन यांनी वेगळा विचार केला. प्रोग्रॅमला फक्त आभासी पत्ता ठाऊक असतो, त्यामुळे खालचं पेज हलवलं तरी त्याला कळत नाही. कर्नलची स्वतःची बहुतेक पेजेस मात्र हलत नाहीत. म्हणून आधी, २००८ च्या २.६.२४ मध्ये, हलणारी आणि न हलणारी पेजेस वेगळी बसवली. मग २.६.३५ मध्ये कॉम्पॅक्शन आलं: एक स्कॅनर खालून हलवता येतील अशी पेजेस शोधतो, दुसरा वरून रिकाम्या जागा, आणि दोघं भेटले की फेरी संपली.

हे थांबवून करायचं काम आहे, आणि थांबायचं कुणी, हा खरा वाद. २०११ मध्ये ह्यूज पेजेस साध्या प्रोग्रॅम्सनाही आपोआप मिळू लागली, आणि संथ पेनड्राइव्हवर फाइल कॉपी करताना आख्खा डेस्कटॉप गोठू लागला. कॉम्पॅक्शन त्या लेखनाच्या संपण्याची वाट बघत बसायचं! २०१६ च्या ४.६ मध्ये हे काम पाठीमागच्या एका थ्रेडकडे गेलं; ज्या प्रोग्रॅमने स्वतःहून ह्यूज पेजेस मागितली, त्यालाच थांबावं लागू लागलं. २०२० मध्ये नितीन गुप्ता यांच्या पॅचमुळे ५.९ पासून कर्नल मागणीआधीच आवराआवर करू लागला. किती उत्साहाने, त्यासाठी ० ते १०० चा आकडा आहे. मूळ सेटिंग २०. शंभर केलं, तर कर्नल विनाकारण पेजेस हलवत बसण्याची शक्यता असते.