मुलगी, दत्तक आणि गादी: लांड्सहूट आणि बडोदा

दिल्लीत मंडी हाउसकडून कोपर्निकस मार्गाने निघालात की रस्ता इंडिया गेटच्या षट्कोनाला मिळतो. त्या टोकाला ल्युटेन्सने आखलेले बडोदा हाउस उभे आहे. आज तिथे उत्तर रेल्वेचे मुख्यालय आहे, पण वास्तू गायकवाडांची. मराठी घराण्याच्या वाड्यालगतच्या या रस्त्याला कोपर्निकसचे नाव असणे हा निव्वळ योगायोग. तरी हे नाव आपल्याला एका जर्मन घराण्यापर्यंत नेते.

कोपर्निकसचा जन्म १४७३ मधला, पोलंडचा राजा काझिमिर चौथा याच्या राज्यातला. याच काझिमिरची मुलगी हेडविग हिचे लग्न १४७५ मध्ये बव्हेरियातील लांड्सहूटच्या गेओर्गशी झाले. गेओर्ग पुढे ड्यूक झाला आणि ‘श्रीमंत’ या उपाधीने ओळखला गेला. लग्नाच्या नोंदींत ३२३ बैल आणि सुमारे ४० हजार कोंबड्या मारल्याचा हिशोब आहे. लांड्सहूटमध्ये आजही दर चार वर्षांनी या लग्नाचा सोहळा साकारतात.

एवढ्या थाटाच्या संसारात मुलगे जगले नाहीत. उरल्या मुली. गेओर्गने १४९६ मध्ये मृत्युपत्र करून राज्य मुलगी एलिझाबेथच्या नावे केले आणि तिचे लग्न पॅलेटिनेटच्या रुप्रेख्टशी लावले. हा गेओर्गच्या बहिणीचा मुलगा, म्हणजे एलिझाबेथचा आतेभाऊ. मामाच्या मुलीशी लग्न हा प्रकार आपल्याला नवा नाही, आणि हेतूही ओळखीचा आहे: मालमत्ता घरातल्या घरात राहावी.

अडचण अशी की बव्हेरियाच्या राजघराण्याच्या शाखांत जुना करार होता. एका शाखेत पुरुष वारस उरला नाही तर तिची जमीन दुसऱ्या शाखेच्या पुरुषाकडे जावी. १५०३ मध्ये गेओर्ग वारला, म्युनिकच्या आल्ब्रेख्टने हक्क सांगितला आणि पुढच्या वर्षी युद्ध पेटले. रुप्रेख्ट आणि एलिझाबेथ दोघेही १५०४ मध्येच काही आठवड्यांच्या अंतराने मरण पावले. १५०५ मध्ये सम्राट मॅक्सिमिलियनने कोलोनला निवाडा दिला. बहुतेक प्रदेश आल्ब्रेख्टला मिळाला, एलिझाबेथच्या दोन लहान मुलांसाठी नॉयबुर्गचे छोटे राज्य काढले गेले आणि निवाडा देणाऱ्याने कुफ्स्टाइन, कित्सब्यूल, राटेनबर्ग स्वतःकडे ठेवले. या शेवटच्या गोष्टीकडे लक्ष द्या. वारसाचे भांडण वरिष्ठ सत्तेला लाभाचे असते.

आता बडोद्याकडे वळू. नोव्हेंबर १८७० मध्ये खंडेराव गायकवाड वारले तेव्हा राणी जमनाबाई गरोदर होत्या. भाऊ मल्हारराव गादीवर बसले, पण अटीवर: मुलगा झाला तर गादी त्याची. १८७१ मध्ये मुलगी झाली, ताराबाई. मल्हाररावांची गादी पक्की झाली. एलिझाबेथच्या बाजूने निदान मृत्युपत्र होते आणि फौज उभी राहिली. ताराबाईच्या हक्काचा तर प्रश्नही निघाला नाही.

१८७५ मध्ये रेसिडेंट कर्नल फेअर यांच्यावरील विषप्रयोगाचे प्रकरण गाजले. चौकशी आयोगात इंग्रज सदस्य एका बाजूला आणि भारतीय सदस्य दुसऱ्या बाजूला गेले. तरीही सरकारने गैरकारभाराच्या कारणावरून मल्हाररावांना पदच्युत केले. आता बडोद्याकडे असा मार्ग होता जो गेओर्गकडे नव्हता. युरोपच्या सरंजामी कायद्यात दत्तकपुत्राला जहागीर मिळत नसे. इथे मात्र विधवा राणी घराण्याच्या कनिष्ठ शाखेतून मुलगा घेऊ शकत होती. २७ मे १८७५ रोजी जमनाबाईंनी नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळ दत्तक घेतला. हेच सयाजीराव तिसरे. निवडीच्या वेळी ‘कशाला आलास’ या प्रश्नावर ‘राज्य करायला’ असे त्याने उत्तर दिल्याची कथा वारंवार सांगितली जाते. गोष्ट गोड आहे, पण दत्तक टिकला तो सरकारच्या मंजुरीमुळे.

ही मंजुरी गृहीत धरता येत नव्हती. १८४८ मध्ये सातारा आणि १८५४ मध्ये झाशी ही संस्थाने दत्तक नाकारूनच खालसा झाली होती. १८५७ नंतर धोरण बदलले आणि संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा मिळाल्या. बडोद्याचे नशीब एवढेच की त्याची पाळी उशिरा आली.

बव्हेरियाने १५०६ मध्ये कायदा करून राज्य अविभाज्य ठरवले आणि थोरल्या मुलाचा हक्क पक्का केला. सयाजीरावांचे थोरले पुत्र फत्तेसिंहराव १९०८ मध्ये वारले. १९३९ मध्ये सयाजीराव गेले तेव्हा त्यांची कन्या इंदिराराजे, कूचबिहारच्या राणी, हयात होत्या. गादी गेली ती फत्तेसिंहरावांचे पुत्र प्रतापसिंहराव यांच्याकडे.