पाऱ्याच्या नळीचं अर्धं मिनिट

अमेरिकेतल्या हौशी रेडिओवाल्यांच्या जुन्या ट्रान्समीटरांत ८६६ए ही पाऱ्याची नळी एसीचा डीसी करी. आधी फिलामेंट तापवायचं, अर्धं मिनिट थांबायचं, मगच हजारो व्होल्ट सोडायचे. मग निळाजांभळा उजेड! घाई केली की नळी कामातून जाई.

१९६०च्या दशकात सिलिकॉन डायोड स्वस्त झाले. एक १एन४००७ हजार व्होल्ट सोसतो, म्हणून त्यांची माळच ओवतात. पाऱ्याच्या नळीत जेमतेम पंधरा व्होल्ट खर्च होत, त्यामुळे तिथे हा बदल खपून जातो. पण लहान ट्रान्समीटरांतल्या ५यू४सारख्या निर्वात नळीत चाळीसेक जात. तिच्याजागी डायोड आले की व्होल्टेज वाढतं, शिवाय बाकीच्या नळ्या तापण्याआधीच येतं. म्हातारे कपॅसिटर दगावतात.

पारा विषारी, म्हणून माझं मत डायोडला. फक्त जुन्या पेटीला भोक पाडू नये. डायोड नळीच्याच सॉकेटात बसवावेत.