ट्योर्बेल

स्वित्झर्लंडच्या व्हॅले कँटनमधील फिस्प जिल्ह्यातील जर्मनभाषक शेतकरी खेडे. ते समुद्रसपाटीपासून सुमारे १,५०० मी. उंचीवर, डोंगरउतारावर वसले आहे. सामायिक मालमत्ता अखेर उजाड होते, असे गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये मांडले. ट्योर्बेलचा इतिहास त्याला छेद देतो. येथील उंचावरची कुरणे, जंगले आणि पडीक जमिनी यांच्या वापराचे नियमन करणारा लॅटिन दस्तऐवज १४८३ चा आहे. हिवाळ्यात ज्याला जेवढ्या गायी पोसता येतील, तेवढ्याच त्याने उन्हाळ्यात कुरणावर पाठवाव्यात, असा नियम १५१७ मध्ये आढळतो. म्हणजे चराईचे प्रमाण प्रत्येकाच्या साठवलेल्या वैरणीवरून ठरे.

खाजगी मालकीची कल्पनाच नसल्याने हे टिकले, असा आक्षेप घेता येईल. पण धान्यशेते, बागा, द्राक्षमळे आणि गवताची राने येथे खाजगीच होती. मानवशास्त्रज्ञ रॉबर्ट नेटिंग यांच्या मते, तुटपुंजे व बेभरवशाचे उत्पन्न देणारी विस्तीर्ण जमीन सामायिक ठेवणे आणि कसदार तुकडा वाटून घेणे, हा विचारपूर्वक केलेला भेद होता. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : गावात जमीन विकत घेतल्याने परक्याला सामायिक हक्क मिळत नसे. ही व्यवस्था सर्वांना खुली नव्हती, हे खरे. मात्र वाटेकरी निश्चित असल्यामुळेच नियम पाळले गेले. २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रम यांनी म्हणूनच हे गाव दीर्घायुषी सामायिक व्यवस्थेचे उदाहरण मानले.